कोरलेला बांध

बांध कोरणं म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. नांगरट करताना फाळ जरासा पलीकडं सरकवायचा, वीतभर माती आपल्या रानात ओढायची. पुढच्या वर्षी आणखी वीतभर. ज्या बांधावरून एकेकाळी वैरणीचा भारा घेऊन दोन माणसं शेजारी-शेजारी चालत जात, तिथून दहा वर्षांनी एकट्या माणसाला तोल सावरत जावं लागतं. मग सरकारी मोजणी येते, हद्दीचे दगड शोधले जातात, भावकीतलं जेवणखाण तुटतं आणि खटला आजोबाकडून नातवाकडं इस्टेटीसारखा चालत येतो. गावाला हे सगळं माहीत असतं. कोण कोरतो हेही माहीत असतं. कोरणारा कितीही पैसेवाला असला, तरी पारावर त्याच्या माघारी जे बोललं जातं त्यात आदर नसतो.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट धरून चाललेली असते. बांधाच्या पलीकडं कुणीतरी आहे. तो चिडेल, पंच बोलवेल, तलाठ्याकडं जाईल, कोर्टाची पायरी चढेल. पण पलीकडं गायरान असलं तर? ओढा असला तर? वनखात्याची हद्द असली आणि तिच्याही पल्याड गव्यांचा कळप असला तर? तिथं फाळ बिनघोर सरकतो. गव्याला मोजणीचा अर्ज करता येत नाही.

हे पुस्तक त्या दुसऱ्या बांधाविषयी आहे. वन्यजीव व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ते लिहिलं आहे. मात्र डोंगरकडेला शेती करणाऱ्या माणसानं ते हातात घेतलं, तर त्याला ते परकं वाटू नये, असा प्रयत्न केला आहे.

वन्यजीव व्यवस्थापनाचा विद्यार्थी पुष्कळ गोष्टी शिकतो. पाणवठ्यावर बसून गणना कशी करायची, मागावरून नर-मादी कशी ओळखायची, विष्ठेतून आहार कसा शोधायचा, कॅमेरा ट्रॅप किती उंचीवर बांधायचा. ही सगळी उत्तरं ‘कसं’ या प्रश्नाची आहेत. गव्यांची संख्या वाढली हे आकडा सांगतो. वाढली ते चांगलं की वाईट, कुणाला चांगलं, किती वाढलेली चालेल आणि हे ठरवायचा अधिकार कुणाचा, हे आकडा सांगत नाही. तिथं विज्ञान थांबतं आणि नीतीचा प्रश्न सुरू होतो. आपल्याकडं तो प्रश्न बहुधा वर्गात येतच नाही. तो थेट बांधावर येतो. रात्री दोन वाजता, उसाच्या फडाकडेला, बॅटरीच्या उजेडात.

आधी शब्दाचं बघू. इंग्रजीत या विषयाला जे नाव आहे त्याचं मराठीत कुणी ‘भूमिनीती’ करतं, कुणी ‘भूनैतिकता’. दोन्ही शब्द छापायला ठीक आहेत, बोलायला जड आहेत. मला मात्र कोल्हापुरी बोलीतला एक शब्द या विषयासाठी घडवल्यासारखा वाटतो. तो म्हणजे ‘रान’. इथला शेतकरी ‘रानात जाऊन येतो’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या शेतात निघालेला असतो. तोच माणूस ‘रानातनं डुक्कर आलं’ म्हणतो तेव्हा त्याला जंगल म्हणायचं असतं. पिकाचं रान आणि जनावराचं रान यांच्यासाठी त्याच्याकडं दोन शब्द नाहीत, कारण त्याच्या अनुभवात ती एकाच जमिनीची दोन टोकं आहेत. सातबारा आणि वनखात्याचा नकाशा यांनी ती वेगळी केली. भाषेनं अजून केलेली नाहीत. म्हणून या पुस्तकात मी पारिभाषिक शब्द गरजेपुरते वापरले आहेत आणि मनात सतत ‘रानाची नीती’ हेच नाव ठेवलं आहे.

या विचाराला विसाव्या शतकात शास्त्राची शिस्त दिली ती आल्डो लिओपोल्ड या अमेरिकी वनाधिकाऱ्यानं. १८८७ साली आयोवात जन्मलेला हा माणूस १९०९ मध्ये वनखात्यात लागला आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगराळ मुलखात त्याची नेमणूक झाली. त्या काळचा हिशेब सरळ होता. लांडगे मारले की हरणं वाढतात, हरणं वाढली की शिकाऱ्यांची चैन. त्यानंही लांडगे मारले. १९३३ साली त्यानं शिकारीच्या प्राण्यांच्या व्यवस्थापनावरचं पहिलं मोठं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचा प्राध्यापक झाला. शेतात जसं पीक काढतात तसं जंगलात शिकारीचं पीक काढायचं, असा त्या पुस्तकाचा साधारण नूर आहे.

पण हाच माणूस पुढं बदलत गेला. लांडग्यांविना झालेले डोंगर, हरणांनी खाऊन बोडकी केलेली झुडपं आणि नंतर उपाशी मेलेली हरणं यांनी त्याला अस्वस्थ केलं. ग्रँड कॅन्यनशेजारच्या कायबाब पठारावर १९२० च्या दशकात हरणं वाढून कोसळल्याची हकिकत त्याच्या विचारात महत्त्वाची ठरली. ती पुढं जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. तिच्यातले हरणांचे आकडे नंतरच्या संशोधकांनी वादात ओढले, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवं. नीती शिकवायची म्हणून विज्ञानात ढिलाई चालत नाही. १९३५ साली लिओपोल्डनं विस्कॉन्सिन नदीकाठी एक नापीक झालेलं शेत विकत घेतलं आणि घरच्या सगळ्यांसह तिथं झाडं लावली. त्या अनुभवातून आलेलं त्याचं पुस्तक १९४९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की माणूस नीतीचं वर्तुळ हळूहळू मोठं करत आला आहे. आधी कुटुंब, मग समाज. आता त्या वर्तुळात माती, पाणी, झाडं आणि जनावरंही यायला हवीत. माणूस या बिरादरीचा मालक नाही, साधा सभासद आहे.

कोल्हापूरच्या वर्गात हे सांगितलं की एखादा हात वर येतोच. ‘मॅडम, हे सगळं आपल्याकडं आधीपासूनच होतं की!’ हे म्हणणं अर्धं खरं आहे. दोन्ही अर्धे नीट पाहावेत म्हणून या पुस्तकाचा दुसरा भाग लिहिला.

खऱ्या अर्ध्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. छत्रपती राजारामांच्या काळात ‘हुकूमतपन्हा’ किताब मिळालेले आणि पुढं कोल्हापूरच्या गादीकडं राहिलेले रामचंद्रपंत अमात्य यांच्या घराण्याची जहागीर गगनबावड्याला होती. म्हणून ते बावडेकर. १७१५ च्या सुमारास त्यांनी राज्यकारभाराविषयी जे ‘आज्ञापत्र’ लिहिलं, त्यात आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयी एक मजकूर आहे. आज तो बऱ्याचदा शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून भिंतींवर आणि मोबाइलवर फिरतो. शिवकाळचं धोरण अमात्यांच्या लेखणीतून उतरलं असं म्हणणं जास्त बरोबर होईल. त्याचा आशय असा. गलबतांना सागवान लागतं, ते परवानगीनं जंगलातून आणावं. आंबा आणि फणस हेही कामाचे, पण त्यांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखाला सीमा राहत नाही. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच तोडावं. बळजोरी करू नये.

हा मजकूर मी शेकडो वेळा वाचला असेल. दर वेळी थांबते ती ‘दुःख’ या कारणावर. झाड तोडू नये, कारण सावली जाईल किंवा पाऊस कमी होईल, असं अमात्य आधी म्हणत नाहीत. ते माणसाच्या आणि झाडाच्या नात्याकडं बोट दाखवतात आणि राज्याची गरजही त्या नात्यापुढं थोडी थांबवतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदात हे असणं ही साधी गोष्ट नाही. पण त्याच मजकुराची मर्यादाही दिसते. संरक्षण आहे ते मालक असलेल्या झाडाला. रानातल्या सागाला दुःख करणारं कुणी नाही, म्हणून तो परवानगीनं तुटतो. म्हणजे प्रश्न पुन्हा तिथंच आला. बांधाच्या पलीकडं बोलणारं कुणी नसलं तर काय?

त्या प्रश्नाचं एक जुनं उत्तर म्हणजे देवराई. पलीकडं देव बसवला की बांध कोरायची कुणाची छाती होत नाही. राधानगरी, आजरा, चंदगड, शाहूवाडीच्या गावांत अजूनही राया आहेत, जिथली वाळकी काटकीसुद्धा चुलीत जात नाही. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि श्रद्धेनं राखलेल्या या तुकड्यांचं शास्त्रीय मोल जगापुढं मांडलं. पण भीतीवर उभी असलेली नीती भीती ओसरली की ढासळते. अलीकडं राईला धोका येतो तो बहुतेकदा भक्तीतूनच. देवळाचा जीर्णोद्धार निघतो, सिमेंटचा सभामंडप होतो, गाड्या लावायला जागा लागते आणि देव ज्या झाडांखाली बसला होता ती झाडं देवासाठीच तोडली जातात. ‘आधीपासूनच होतं’ म्हणणाऱ्यांनी हा दुसरा अर्धाही पाहावा.

तिसरी गोष्ट राजर्षी शाहू महाराजांची. कोल्हापुरात त्यांच्याविषयी बोलताना आवाज आपोआप खाली येतो, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच त्यांच्याकडं अभ्यासकाच्या नजरेनं पाहायला धीर लागतो. महाराज जबरे शिकारी होते. कोल्हापूर दरबारात माणसाळवलेले चित्ते होते. चित्तेवान त्यांना माळावर नेत आणि काळविटांवर सोडत. हिंदुस्थानातले चित्ते संपत आले तेव्हा या शौकासाठी आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. भारतात पुन्हा आफ्रिकी चित्ते आले ते २०२२ च्या सप्टेंबरात, मध्य प्रदेशातल्या कुनोत, आणि या खेपेला कारण संवर्धन होतं. जनावर तेच, प्रवास तसाच, हेतू पूर्ण उलटा. शंभर वर्षांत माणसाची नीती किती हलते हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दाजीपूरचं जंगल टिकलं तेही शिकारीमुळेच, ही गोष्ट पचायला अवघड आहे. ते संस्थानाचं राखीव शिकारीचं रान होतं. राजाच्या बंदुकीसाठी राखलं म्हणून कुऱ्हाडीपासून वाचलं. १९५८ मध्ये तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलं. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन ३५१ चौरस किलोमीटरचं राधानगरी अभयारण्य झालं आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली यांच्यासह ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत गेलं. याच रानात शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. त्या धरणाच्या पाण्यानं जिल्ह्यात ऊस आणि उसापाठोपाठ सुबत्ता आली.

अमेरिकेत जवळपास त्याच काळात योसेमिटीतल्या हेच हेची दरीत धरण बांधावं की नाही यावर मोठं रणकंदन झालं. एकीकडं गिफर्ड पिंचो, ज्यांना निसर्ग शहाणपणानं वापरायचा होता. दुसरीकडं जॉन म्युर, ज्यांना तो जसाच्या तसा राखायचा होता. धरण झालं, आणि या दोन विचारांतली दुफळी पाठ्यपुस्तकांत कायमची बसली. राधानगरीत ती दुफळी एकाच माणसात होती, आणि एकाच पाणलोटात अजून आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी किती फूट झाली हे सारं शहर तासातासाला विचारतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठची माणसं सामान माळ्यावर टाकायला लागतात. त्या फुटांमध्ये वरच्या जंगलाचाही वाटा आहे, कारण पाऊस आधी त्याच्या अंगावर पडतो. पण कोल्हापूर शहरातल्या दसरा चौकात उभं राहून हे जाणवत नाही. नीतीचा पहिला अडसर हा अंतराचा असतो.

आता विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडं येते. आतापर्यंत मी माणूस रानाचा बांध कोरतो असं म्हणत आले. पण रान राखणारेही कुणाचा तरी बांध कोरत असतात.

अभयारण्याच्या कडेला अर्धा एकर भात आणि दहा गुंठे ऊस असलेल्या घराचा हिशेब मांडून पाहावा. गवे रात्री उतरतात. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. मग पंचनामा, सातबारा, फोटो, फेऱ्या. मोबदला मिळतो तो गेलेल्या पिकाचा. पीक पोसवल्यापासून कापणीपर्यंत माळ्यावर बसून काढलेल्या रात्री, डबे वाजवून बसलेला आवाज, दुसऱ्या दिवशी शाळेत पेंगणारं पोर, भीतीपोटी पेरायचंच सोडून दिलेला तुकडा, यांना पंचनाम्यात रकाना नाही. एका पावसाळ्यानंतर राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीत एका आजींनी मला विचारलं होतं, ‘गवा तुमचा, मग वैरण आमची का?’ ‘तुमचा’ या शब्दात त्यांनी वनखातं, विद्यापीठ, शहर आणि मला एकाच दाव्याला बांधलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. हे पुस्तक बऱ्याच अंशी त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, आणि तेही अपुरंच.

चांदोलीची गोष्ट याहून मोठी आहे. तिथं १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगलातली गावं उठली आणि लोक कोल्हापूर-सांगलीच्या सपाटीवर वसवले गेले. जमिनीच्या आणि सोयींच्या मागण्यांसाठी त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं, कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ठिय्या द्यावा लागला. वाघासाठी जागा मोकळी झाली याचा आनंद मानणाऱ्या माणसानं ती कुणी मोकळी करून दिली हे विसरणं म्हणजेसुद्धा बांध कोरणं. रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये अमेरिकी निसर्गवादावर टीका करताना हेच दाखवून दिलं, की निर्मनुष्य रानाची कल्पना जशीच्या तशी आपल्याकडं आणली की तिची किंमत गरीब मोजतात. २००६ चा वनहक्क कायदा ही त्या अन्यायाची कायद्यानं दिलेली कबुली होती. लिओपोल्ड शिकवताना मी गुहाही शिकवते. एकाशिवाय दुसरा शिकवला तर विद्यार्थी एका डोळ्यानं पाहायला लागतो.

प्रश्न आणखी एका बाजूनं गुंततो. २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशानं नांदणीच्या जैन मठातली हत्तीण गुजरातेत जामनगरला नेली गेली. गावंच्या गावं रस्त्यावर आली, हजारो लोक पायी चालत कोल्हापुरात आले, माणसं ओक्साबोक्शी रडली. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आजरा-चंदगडात, २००० नंतरच्या दशकात कर्नाटकातून आलेले रानहत्ती आहेत. ते रात्री ऊस, केळी, माड मोडतात आणि लोक फटाके घेऊन त्यांच्यामागं धावतात. एक हत्ती गेला म्हणून रडणारा आणि दुसरा जावा म्हणून फटाके लावणारा जिल्हा एकच. यात ढोंग आहे असं मला वाटत नाही. इथं तीन वेगळ्या नीती एकमेकींना भिडल्या आहेत. एक म्हणते, या एका जनावराला वेदना होतात का ते बघा. दुसरी म्हणते, माणसाचं आणि त्याचं नातं बघा. तिसरी म्हणते, एकट्या जनावराला धरून बसू नका, हत्तींची जात आणि त्यांचं रान टिकतं का ते बघा. पहिली न्यायालयात बोलली, दुसरी रस्त्यावर बोलली. तिसरी आजऱ्याच्या डोंगरात आहे, आणि तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. तरीही आजऱ्यातल्या लोकांनी त्या रानहत्तींपैकी एकाला डोंगरावरच्या देवाच्या नावानं ‘चाळोबा गणेश’ म्हणायला सुरुवात केली, हे विसरू नये. ज्याला नाव दिलं, तो निव्वळ उपद्रव राहत नाही.

मोठ्या जनावराला निदान नाव मिळतं, भीती मिळते, बातमी मिळते. सड्याला काय मिळतं? जांभ्याचे हे उघडे सपाट माथे आठ महिने काळे-करडे पडलेले असतात. महसुली कागदावर ते पोटखराब. त्यांच्या पोटात बॉक्साइट आहे म्हणून राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागात खाणी झाल्या आणि त्यांना विरोधही झाला. पण श्रावण-भाद्रपदात याच दगडावर बोटभर मातीत फुलांचा गालिचा उतरतो. त्यात इवले किडे पकडून जगणाऱ्या वनस्पती असतात, आणि जगात इतरत्र कुठंही न सापडणाऱ्याही असतात. याच जिल्ह्यातल्या एका लहानशा पालीचं शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये पहिल्यांदा वर्णन केलं. तिचं शास्त्रीय नाव निमॅस्पिस कोल्हापुरेन्सिस. ती ना दूध देते, ना पर्यटक आणते. कुस्ती, चप्पल, गूळ आणि रस्सा यांच्या अभिमानाच्या यादीत ती कधी येणार नाही. ती टिकावी का, या प्रश्नाचं उत्तर उपयोगाच्या भाषेत देताच येत नाही. म्हणून या विषयाची खरी परीक्षा वाघावर होत नाही, पालीवर होते. २०१३ मध्ये सिंहांच्या स्थलांतराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही माणूसकेंद्री दृष्टी सोडून निसर्गकेंद्री दृष्टी धरायला हवी, अशी भूमिका घेतली. मात्र न्यायालयानं सांगितलं म्हणून नीती अंगी लागत नाही. तसं असतं तर बांधाचे खटले केव्हाच संपले असते.

आता पुस्तकाच्या रचनेविषयी थोडं. पहिल्या भागात विचार आहेत: लिओपोल्ड, पिंचो, म्युर, १९७० च्या दशकात खोल पर्यावरणवाद मांडणारा नॉर्वेचा आर्ने नेस, आणि त्या सगळ्यांना प्रश्न विचारणारे गुहा. दुसऱ्या भागात इथला इतिहास आहे, आज्ञापत्रापासून २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालापर्यंत. त्या अहवालावर आपल्याकडं जेवढी भांडणं झाली तेवढं वाचन झालं असतं, तर निम्मी भांडणं झाली नसती असं माझं मत आहे. तिसरा भाग भांडणांचा. गवा आणि ऊस, हत्ती आणि काजू, सडा आणि खाण, राई आणि सभामंडप, धनगरवाडा आणि अभयारण्य. प्रत्येक प्रकरणात मी निकाल देणं टाळलं आहे. आधी सगळ्या बाजू भरघोस मांडल्या आहेत आणि शेवटी तीन प्रश्न ठेवले आहेत: कुणाचं काय गेलं? ते कुणी मोजलं? ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीनं कोण बोललं?

चौथा भाग रानात जाऊन करायच्या अभ्यासाचा. त्यातला एक अभ्यास इथंच सांगते. एका रात्रीच्या गव्यांच्या शिरकावाचे चार पंचनामे लिहायचे. एक शेतकऱ्याच्या बाजूनं. एक वनरक्षकाच्या बाजूनं, ज्याच्याकडं हद्द मोठी, माणसं कमी आणि शिव्या दोन्हीकडून आहेत. एक पंचगंगेचं पाणी पिणाऱ्या शहरवासीयाच्या बाजूनं, ज्याला वाटतं की आपला यात काही संबंध नाही. आणि चौथा गव्याच्या बाजूनं. पहिले तीन विद्यार्थी पटकन लिहितात. चौथ्याला अडतात. कारण तिथं ‘गवा शेतात घुसला’ असं लिहिता येत नाही. घुसणं ही हद्द माहीत असलेल्याची क्रिया आहे. गव्याच्या बाजूनं तो फक्त चरत पुढं आला. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा गर्दीच्या गोंगाटात, धावपळीत मेला. वर्षभरानं कोल्हापूरच्या वेशीवर गवे आले आणि भुयेजवळ एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही वेळी मोबाइल उंचावलेले हात सगळ्यात आधी पोचले होते. चौथा पंचनामा लिहिलेला विद्यार्थी तरी त्या गर्दीत उभा राहणार नाही, एवढी माझी आशा आहे.

या पुस्तकात उणिवा आहेत. नदीतले मासे आणि पूर्वेकडचे माळ यांना मी न्याय देऊ शकलेले नाही. माळावरचा लांडगा तर पूर्ण निसटला, आणि लांडग्यापासूनच या विचाराची सुरुवात झाली होती, हे मला टोचतं. ज्या वाड्यावस्त्यांनी चहा पाजला आणि कठोर प्रश्न विचारले, ज्या वनमजुरांनी वाट दाखवली आणि माझी चुकीची नावं दुरुस्त केली, त्यांचं ऋण मोठं आहे. त्यांनी नावं घालू नका असं सांगितलं, म्हणून घातली नाहीत.

लिओपोल्डच्या शेवटाविषयी सांगून थांबते. फाल्गुन-चैत्रात आपल्या डोंगरांना वणवे लावले जातात. नवं गवत चांगलं येतं या समजुतीनं कुणीतरी काडी टाकतं आणि रात्रभर डोंगराच्या अंगावर लाल माळ सरकताना सगळा गाव पाहतो. आपल्या रानाकडं आली तरच माणूस फांदी घेऊन धावतो. १९४८ च्या एप्रिलची २१ तारीख. लिओपोल्डच्या पुस्तकाला प्रकाशकाचा होकार येऊन आठवडा झाला होता. शेजाऱ्याच्या शेतातलं गवत पेटलेलं त्याला दिसलं. तो विझवायला गेला आणि तिथंच हृदयविकारानं कोसळला. आग बांधाच्या पलीकडं होती.

वाचकांना एकच विनंती आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी गावी जाऊन या. तुमचं रान जिथं गायरानाला, ओढ्याला किंवा जंगलाला लागतं, तिथं उभं राहा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, की हा बांध पूर्वी किती रुंद होता. मिळेल ते उत्तर पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहा. ते पान त्यासाठीच कोरं ठेवलं आहे.

कोल्हापूर